हाताखालची जागा

'नवोदितांसाठी सुवर्णसंधी' असे ठळक अक्षरांत छापायचे आणि खाली बारीक अक्षरांत 'किमान दोन वर्षांचा अनुभव आवश्यक' अशी अट घालायची, अशा जाहिराती आता इतक्या सर्रास दिसतात की त्यांतली विसंगती कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. ती खटकते फक्त अर्ज करणाऱ्याला. अनुभव नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून अनुभव नाही, या फेऱ्यात अडकलेल्या मुलामुलींची समजूत घालताना आपण बहुधा दोनपैकी एक कारण पुढे करतो. एक तर त्यांच्या अंगी कौशल्ये नाहीत, नाही तर त्यांना जे शिकवले गेले ते जुनेपुराणे आहे. दोन्ही म्हणण्यांत थोडेफार तथ्य असते. गंमत अशी की निदान कोणतेही असले तरी औषध एकच लिहून दिले जाते, ते म्हणजे आणखी शिक्षण: आणखी एक पदविका, आणखी एक सहा आठवड्यांचा वर्ग, आणखी एक ऑनलाइन प्रमाणपत्र. मला असे वाटते की मुळात निदानच अपुरे आहे. कामाचे कौशल्य बहुतांशी कामाच्या आत, कोणाच्या तरी हाताखाली तयार होते. आज तुटवडा आहे तो या हाताखालच्या जागेचा, आणि ती जागा निर्माण करण्याचा भार आत बसलेल्यांवर आहे, दाराशी ताटकळणाऱ्यांवर नाही.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगातील १५ ते २४ वयोगटातले सुमारे २०.४ टक्के तरुण शिक्षणात नव्हते, प्रशिक्षणात नव्हते आणि कामावरही नव्हते. म्हणजे दर पाचांत एक. त्यांच्यांत दर तिघांमागे दोन मुली होत्या, आणि त्यांतल्या पुष्कळजणींना दाराबाहेर ठेवणारी कारणे घरातली आहेत, कौशल्याशी त्यांचा काही संबंध नाही. इतक्या मोठ्या संख्येला 'तयारी कमी पडली' एवढ्या एका वाक्यात निकालात काढणे सोयीचे असेल, पण ते पटणारे नाही.

मराठीतल्या 'उमेदवार' या शब्दाचे काय झाले ते या संदर्भात पाहण्यासारखे आहे. आज उमेदवार म्हणजे निवडणुकीला उभा राहिलेला किंवा मुलाखतीच्या रांगेत बसलेला. जुन्या वापरात मात्र उमेदवारी करणे म्हणजे पुढेमागे कायमची जागा मिळेल अशी उमेद धरून एखाद्या जाणत्या माणसाच्या हाताखाली, पुष्कळदा विनावेतन किंवा नावापुरत्या वेतनावर, काम शिकत राहणे. 'शिकाऊ उमेदवार' या शब्दांत तो अर्थ अजून तग धरून आहे. तो उमेदवार दाराच्या आत होता, आजचा बाहेर आहे. 'कोणाच्या हाताखाली तयार झालात?' हा प्रश्न एके काळी कारागिरांना, लेखनिकांना, वकिलांना आणि वैद्यांना सारखाच विचारला जाई. त्याची जागा आता 'कोणता कोर्स केला?' या प्रश्नाने घेतली आहे.

जुन्या उमेदवारीचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. इंग्लंडमध्ये १५६३ च्या कायद्याने कारागिरीच्या व्यवसायांत सात वर्षांची उमेदवारी सक्तीची केली होती, आणि त्यातली उमेदवारीची कलमे रद्द व्हायला १८१४ साल उजाडले. जे काम तीन वर्षांत हाती बसते त्यासाठी सात वर्षे राबवून घेणे म्हणजे शिक्षणाच्या नावाखाली स्वस्त मजूर मिळवणे होते, आणि धंद्यात नव्या माणसाला लवकर येऊ न देणे हाही त्यामागचा हेतू होताच. 'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' ही म्हण घाव घालणाऱ्यांच्याच तोंडी जास्त ऐकू येते, हे विसरून चालणार नाही. तरीही त्या व्यवस्थेत एक गोष्ट होती जी मोडताना आपण तिच्या जागी दुसरे काही ठेवले नाही.

ती गोष्ट नेमकी कोणती, हे समजण्यासाठी जीन लेव्ह या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात केलेल्या निरीक्षणाकडे वळतो. पश्चिम आफ्रिकेतील लायबेरिया या देशात वाय आणि गोला समाजांतल्या शिंप्यांकडे शिकाऊ मुले कशी तयार होतात, हे त्यांनी दुकानात बसून पाहिले. कपडा तयार होण्याचा क्रम सगळ्यांना ठाऊक आहे: आधी कापड बेतायचे, मग शिवायचे, शेवटी काजे-बटणे, हातशिलाई आणि इस्त्री. शिकाऊ मुलाचा क्रम याच्या बरोबर उलटा होता. तो आधी बटणे लावायला, कडा दुमडून शिवायला आणि इस्त्री करायला शिके, मग शिवणाकडे वळे आणि कात्री त्याच्या हाती सगळ्यांत शेवटी येई. कपड्यांचाही असाच चढता क्रम होता. सुरुवात टोप्या, आतले कपडे, लहान मुलांचे कपडे यांनी होई, आणि शेवट समारंभाच्या सूटने.

या उलट क्रमात मोठे शहाणपण आहे. वाकडे लागलेले बटण उसवून पुन्हा लावता येते, पण चुकीचे बेतलेले कापड वाया जाते. म्हणून ज्या कामातल्या चुकीची किंमत कमी, ते काम नवख्याकडे. पण मामला एवढ्या काटकसरीचा नाही. बटण लावणाऱ्या मुलाच्या मांडीवर पुरा झालेला सदरा असतो, त्यामुळे आपल्याला शेवटी काय घडवायचे आहे ते त्याला पहिल्या दिवसापासून दिसते. पुढे शिवायला बसल्यावर बाही खांद्याला कशी जोडली जाते ते कळते, आणि बाही जोडून जोडून हात बसला की ती अशा विशिष्ट वळणाने का बेततात हे कोणी न सांगता उमजते. शिवाय ते बटण गिऱ्हाइकाच्या खऱ्या सदऱ्याचे असते. सरावासाठी फाटक्या चिंधीवर लावलेले नसते. मूल शिकत असते आणि त्याच वेळी दुकानाच्या उपयोगीही पडत असते, म्हणून त्याला तिथे बसण्याचा हक्क असतो.

हे सारे हातकामाला लागू पडेल, पण आजच्या टेबलावरच्या कामाचे काय, असे कोणी विचारील. माझा स्वतःचा अनुभव सांगतो. पहिल्या नोकरीत पहिले काही आठवडे मला एका ज्येष्ठ सहकारी बाईंच्या शेजारची खुर्ची मिळाली होती. तक्रारींचे फोन घेण्याचे काम त्यांच्याकडे होते आणि मी दुसऱ्या रिसीव्हरवरून फक्त ऐकायचे, असे ठरलेले होते. आम्हाला दिलेल्या छापील पुस्तिकेत पहिला नियम होता: सर्वप्रथम दिलगिरी व्यक्त करावी. बाई तसे कधीच करीत नसत. समोरचा माणूस कितीही तापलेला असला तरी त्या त्याचे बोलणे संपू देत, मग क्षणभर थांबत आणि विचारत, "ही गोष्ट कोणत्या तारखेची?" तारीख कागदावर लिहून झाली की दुसरा प्रश्न, "आज आमच्याकडून नेमके काय झाले म्हणजे तुमचे काम भागेल?" दिलगिरी आलीच तर शेवटी, एका वाक्यात.

पंधरवड्याने पहिला फोन माझ्याकडे आला. पुस्तिकेबरहुकूम मी दोन मिनिटांत तीनदा माफी मागितली आणि दर माफीगणिक त्या गृहस्थांचा आवाज चढत गेला. बाईंनी काही न बोलता एक चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली: 'तारीख विचार.' मी विचारली. पलीकडे काही क्षण शांतता पसरली, कागद चाळल्याचा आवाज आला आणि ते गृहस्थ साध्या आवाजात बोलू लागले. बाईंनी नंतर त्याचे कारण सांगितले. तारीख विचारली की समोरच्याला आपली नोंद होते आहे याची खात्री पटते, रागावरचे लक्ष कागदावर जाते, आणि आपल्यालाही कळते की काम उशिराने होणार आहे की मुळातच सुरू झालेले नाही. दिलगिरी आधी मागितली तर आपण काय कबूल केले हे आपल्यालाच माहीत नसते.

या चिठ्ठीत जे होते त्याला आज 'संवादकौशल्य' म्हणतात आणि ते शिकवणारे वर्ग गल्लोगल्ली आहेत. त्या वर्गांत नजरेला नजर देऊन बोलावे, समोरच्याचे लक्षपूर्वक ऐकावे, असे सांगितले जाते. ते खोटे नाही. पण ते कशाबद्दलही नाही. खऱ्या माणसाची खरी तक्रार समोर असताना, आपण चुकत असताना, चूक हाताबाहेर जाण्यापूर्वी कोणी तरी चिठ्ठी सरकवणे, हे त्या वर्गात घडू शकत नाही, कारण तिथे कोणाचे काही अडलेले नसते. वेळेचे भान, सहकाऱ्यांशी जुळवून घेणे, न समजलेले वेळीच विचारणे, आपल्या मर्यादा ओळखणे, अशी जी गुणांची यादी नोकरी देणारे पुढे करतात, ती वाचताना मला नेहमी वाटते की हे सारे कामाआधी अंगी असण्याचे गुण म्हणून मागितले जात आहे. प्रत्यक्षात ते बरेचसे कामाचे फळ असते.

दोष माणसात किती आणि दारात किती, हे ताडून पाहण्याची संधी इतिहासाने एकदा जपानला, त्याची इच्छा नसताना, दिली. तिथल्या मोठ्या कंपन्यांत वर्षातून एकदा, नुकत्याच पदव्या घेऊन बाहेर पडणाऱ्या तुकडीतून घाऊक भरती करण्याची रीत आहे. त्या माणसांना काम येते का हे फारसे विचारले जात नाही, कारण ते आत घेतल्यावर शिकवायचे असते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अर्थव्यवस्थेचा फुगा फुटला आणि सुमारे १९९३ ते २००५ या काळात पदवीधर झालेल्यांसाठी ही दारे एकाएकी अरुंद झाली. हा काळ तिथे 'रोजगाराचे हिमयुग' म्हणून ओळखला जातो. पुढे मंदी ओसरली तेव्हा कंपन्या पुन्हा त्या त्या वर्षीच्या ताज्या पदवीधरांकडे वळल्या, आणि मधल्या वर्षांतले लाखो लोक हंगामी व कंत्राटी कामांतच राहिले. सरकारने या पिढीसाठी खास कार्यक्रम जाहीर केला तो २०१९ मध्ये, तोवर त्यांतले अनेकजण चाळिशीत पोचले होते. त्यांच्या आधीच्या आणि नंतरच्या तुकड्यांपेक्षा ते कमी हुशार होते किंवा कमी कष्टाळू होते, असे कोणीच म्हणत नाही. विद्यापीठे तीच होती, अभ्यासक्रम तेच होते. फरक होता तो पदवीवरच्या सालाचा. अमेरिकेतही अर्थतज्ज्ञ लिसा कान यांना असेच काहीसे आढळले. १९७९ ते १९८९ या काळात पदवी घेतलेल्या पुरुषांचा त्यांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात मंदीच्या वर्षांत बाहेर पडलेल्यांची कमाई तब्बल पंधरा वर्षांनंतरही मागे राहिलेली दिसली. हाताखालची पहिली जागा हुकली की माणूस पगारासोबत त्या जागेवर झाले असते ते शिक्षणही गमावतो.

मग प्रमाणपत्रांचे काय करायचे? मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडलेला विचार इथे उपयोगी पडतो. पुढे २००१ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यामागे हे कामही होते. नोकरी देणाऱ्याला उमेदवाराची कुवत आतून दिसत नाही, म्हणून तो बाहेरची खूण पाहतो. पदवी ही अशी खूण असते. ती मिळवणे ज्याला अवघड जाते त्याच्यापासून ज्याला सोपे जाते तो वेगळा काढता येतो, मग त्या पदवीत शिकलेले प्रत्यक्ष कामात उपयोगी पडो वा न पडो. यातला पुढचा भाग सर्वांनाच भोवतो. खूण सगळ्यांकडे आली की तिचा उपयोग संपतो आणि आणखी वरची खूण लागते. सभागृहात एकजण उभा राहिला की मागच्यांना उभे राहावे लागते, आणि शेवटी सगळे उभे राहतात तेव्हा दिसते तितकेच, पाय मात्र दुखतात. काल बारावीवर होणाऱ्या कामाला आज पदवी मागतात, त्याचे कारण पुष्कळदा ते काम अवघड झाले आहे हे नसते. प्रमाणपत्र विकणाऱ्यांचा धंदा या धावेवर चालतो, आणि तोटा ज्यांना त्या वर्गांची फी परवडत नाही त्यांच्या वाट्याला येतो.

ज्यांना हाताखालची जागा मिळते त्यांना ती बहुधा जाहिरातीतून मिळत नाही, हे आपण सगळे खासगीत मान्य करतो. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात अमेरिकेतील न्यूटन या शहरातल्या नोकरदारांची माहिती दिली आहे. ज्यांना ओळखीतून नोकरी लागली होती, त्यांतल्या जेमतेम १७ टक्के लोकांची ती ओळख वरचेवर भेटणाऱ्याची होती. बाकीच्यांना जागेची खबर दिली ती अधूनमधून किंवा क्वचितच गाठ पडणाऱ्या माणसाने. कारण उघड आहे. जिवाभावाच्या माणसांना बहुधा आपल्याला ठाऊक असते तेच ठाऊक असते, आणि नवी खबर येते ती दूरच्या वर्तुळातून. यावरून तरुणांना 'ओळखी वाढवा' असा उपदेश केला जातो. त्यात गैर काही नाही, पण ज्याच्या घरात आजवर कोणी अशा नोकरीत गेलेच नाही, त्याच्या दूरच्या ओळखीही त्याच वस्तीतल्या असतात. दार ओळखीने उघडत असेल, तर ज्याला ओळख नाही त्याच्या कौशल्याची चर्चा निरर्थक आहे. आणि दारावर पाटी बघूनही भेदभाव होतो. मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन यांनी बोस्टन आणि शिकागो येथील जाहिरातींना सुमारे ५,००० बनावट अर्ज पाठवले होते. त्यांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. पात्रता सारखीच, बदललेले फक्त नाव. गोऱ्या वाटणाऱ्या नावांना कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांपेक्षा जवळपास ५० टक्के अधिक वेळा बोलावणे आले.

विनावेतन इंटर्नशिपचा प्रश्नही या ओळखीच्या प्रश्नाचाच सख्खा भाऊ आहे. सहा महिने पगाराविना राहणे ज्याला घरच्या आधारामुळे जमते तोच आत शिरतो, आणि पुढे त्याच्या 'अनुभवाचे' कौतुक होते.

याला पर्याय कागदावरचा नाही. जर्मनीत १९६९ च्या व्यवसाय प्रशिक्षण कायद्याने जी जोड व्यवस्था बांधून दिली, तीत शिकाऊ मुलगा किंवा मुलगी आठवड्यातले तीन-चार दिवस कामाच्या ठिकाणी आणि एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत घालवते. दोन ते साडेतीन वर्षांचा करार असतो, विद्यावेतन मिळते, मान्यताप्राप्त व्यवसायांची संख्या तीनशेवर आहे, आणि शेवटची परीक्षा ज्या कंपनीत शिकले ती घेत नाही, तर व्यापार-उद्योगांचे किंवा कारागिरांचे मंडळ घेते. यातला शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. परीक्षा बाहेरच्यांनी घ्यायची असल्यामुळे मालकाला मुलाला वर्षानुवर्षे बटणेच लावायला बसवता येत नाही, त्याला कधी तरी कात्री हाती द्यावीच लागते. शिकवणाऱ्यालाही शिकवण्याची पात्रता सिद्ध करावी लागते. स्वित्झर्लंडमध्ये तर सुमारे दोन-तृतीयांश मुले या वाटेने जातात आणि पुढे हवे तर उच्च शिक्षणाकडे वळण्याची वाट मोकळी असते.

यावर नोकरी देणाऱ्यांचा आक्षेप ठरलेला आहे: आम्ही शिकवायचे आणि शिकून झाले की त्याने शेजारच्या कंपनीत जायचे, मग आम्ही खर्च का करावा? हा आक्षेप हलका नाही. अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी १९६० च्या दशकात तो नीट मांडून दाखवला होता. जे कौशल्य कुठेही चालते त्याचा खर्च कंपनी करणार नाही, तो या ना त्या रूपात, म्हणजे कमी वेतन घेऊन, शिकणाऱ्यालाच सोसावा लागेल. पण स्वित्झर्लंडमधील पाहण्यांत असे दिसून आले आहे की शिकाऊ माणसाचे काम जमेस धरले तर सरासरी कंपनीचा खर्च प्रशिक्षण संपेपर्यंत भरून निघतो. जर्मनीत तो तितका निघत नाही, पण माणूस टिकला तर नवी भरती शोधण्याचा खर्च वाचतो. आणि जिथे सगळ्याच कंपन्यांनी शिकवायचे असा दंडक असतो, तिथे एकाचा गेलेला माणूस म्हणजे दुसऱ्याचा आलेला माणूस. भीती खरी ठरते ती एकटी कंपनी शिकवते आणि बाकीच्या पळवतात तेव्हाच. म्हणून हा प्रश्न एकेका मालकाच्या सद्भावनेवर सोडून सुटत नाही. सगळ्यांकडून वर्गणी घेऊन शिकवणाऱ्याला परत देणे, किंवा सरकारी कामाचे कंत्राट घेणाऱ्याने ठरावीक शिकाऊ जागा ठेवणे, अशा बांधून घातलेल्या रचनेशिवाय तो सुटायचा नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक अस्वस्थ करतो. एकाच धंद्यात लवकर रुतवलेले मूल त्या धंद्याबरोबर म्हातारे होते. एरिक हानुशेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११ देशांच्या माहितीवरून २०१७ मध्ये दाखवले की व्यवसाय शिक्षण घेतलेल्यांना तरुणपणी काम लवकर मिळते, पण उतारवयात सामान्य शिक्षण घेतलेले त्यांच्या पुढे जातात, कारण तंत्र बदलले की बदलून घेणे त्यांना सोपे जाते. जर्मनीत बहुतेक ठिकाणी मुलांच्या वाटा दहाव्या वर्षाच्या आसपासच फुटू लागतात, तेही मला पटत नाही. दहा वर्षांच्या मुलाला काय कळते आणि त्याच्याबद्दल दुसऱ्यांना तरी काय कळते? म्हणून हाताखालच्या शिक्षणाने शाळा आखडती घ्यावी, असे मी म्हणणार नाही. वाचन, गणित, तर्क आणि लेखन यांचा पाया जितका लांबवता येईल तितका लांबवावा. माझा विरोध पायाला नाही, पायावर पायाच बांधत राहून जिना कधीच न बांधण्याला आहे.

आणि नेमक्या याच वेळी जिन्याची खालची पायरी काढली जात आहे. मॅट बीन यांनी अमेरिकेतील रुग्णालयांत शस्त्रक्रिया शिकणाऱ्या डॉक्टरांचा अभ्यास केला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. उघड्या शस्त्रक्रियेत मुख्य शल्यविशारदाला आणखी दोन हात लागतातच. कोणी तरी कातडी धरून ठेवायची, रक्त टिपायचे, टाका घालायचा. ते हात शिकाऊ डॉक्टरचे असतात, आणि धरता धरता तो शिकतो. यंत्रमानवाच्या साहाय्याने होणाऱ्या शस्त्रक्रियेत मात्र मुख्य डॉक्टर पडद्यापाशी बसून सगळे हात स्वतःच चालवू शकतो. शिकाऊ डॉक्टरची गरज उरत नाही, तो बघत बसतो. त्याच्या हाती सूत्रे द्यायची तर काम मंदावते आणि चुकांची शक्यता वाढते, म्हणून कोणी ती देत नाही. रुग्णाचे भले झाले, रुग्णालयाचेही झाले. पण दहा वर्षांनी ती शस्त्रक्रिया कोण करणार, हा प्रश्न त्या खोलीतल्या कोणाच्याही कामाचा भाग नव्हता.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने हेच कार्यालयांत करू लागली आहेत. पहिला कच्चा मसुदा, बैठकीचे टिपण, आकड्यांची जुळणी, साध्या प्रोग्रॅमचा तुकडा: ही नवख्याची बटणे होती. ती आता यंत्र क्षणात लावते. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी अमेरिकेतील वेतनपटांच्या नोंदींवरून २०२५ मध्ये असे मांडले की या साधनांची झळ ज्यांना जास्त लागते अशा व्यवसायांत २२ ते २५ वयाच्या कर्मचाऱ्यांची संख्या घटली, आणि त्याच व्यवसायांतले अनुभवी लोक टिकून राहिले. घटीचे सारे खापर यंत्रावर फोडता येईल का, याबद्दल अभ्यासकांत वाद आहे. पण मालकाचे गणित समजायला अवघड नाही. मसुदा यंत्र लिहिते आणि तपासायला अनुभवी माणूस लागतो, तर नवखा कशाला? तपासणारा माणूस आधी कधी तरी वाईट मसुदे लिहूनच तपासण्याजोगा झाला, हे त्या गणितात धरलेले नसते. बटण लावण्याची गरज संपली असेल तर नवख्याच्या मांडीवर पुरा सदरा येईल अशी दुसरी एखादी सोय मुद्दाम करावी लागेल. यंत्राने लिहिलेल्या मसुद्यातली चूक शोधून ती का चूक आहे हे ज्येष्ठाला सांगणे, हे कदाचित नव्या काळातले बटण ठरेल. पण त्यासाठी ज्येष्ठाने अर्धा तास बसावे लागते, आणि तो अर्धा तास त्याच्या कामाच्या वेळापत्रकात मोजला जावा लागतो. आज बहुतेक ठिकाणी शिकवणे हे ज्येष्ठाच्या भलेपणावर चालते. वर्षअखेरीच्या मूल्यमापनात त्यासाठी रकाना नसतो.

या सगळ्यात तरुणाने स्वतः काय करावे, हा प्रश्न मी टाळत आलो, कारण दाराची जबाबदारी पुन्हा त्याच्याच गळ्यात घालणे मला नको होते. तरी व्यवस्था बदलेपर्यंत त्याचे वय थांबणार नाही. ज्याला निवडीला थोडा तरी वाव आहे त्याने पहिल्या कामाच्या जागी पगार आणि नावलौकिक यांच्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात असे मला वाटते. एक, पूर्ण झालेले काम आपल्या नजरेसमोरून जाते की आपल्याला त्याचा एकच तुकडा दिसतो. दोन, आपले चुकले तर ते कोणाच्या लक्षात येईल आणि तो माणूस आपल्या किती जवळ बसतो. लहान, अनाम जागी या दोन्ही गोष्टी असतील आणि मोठ्या नावाच्या जागी नसतील, तर माझे मत लहान जागेच्या बाजूने आहे. ज्याला अशा निवडीला वावच नाही, त्याला हा सल्ला देण्याचा अधिकार मला नाही.

दोन वर्षांपूर्वी एका मुलाखत समितीवर मी बसलो होतो. नेहमीप्रमाणे शेवटी 'तुम्हाला आम्हाला काही विचारायचे आहे का?' असे आम्ही विचारले. या प्रश्नाला सहसा पगाराबद्दल किंवा रजेबद्दल काही तरी संकोचाने विचारले जाते. त्या मुलीने वही उघडली आणि विचारले, "पहिल्या महिन्यात माझे काम कोण तपासेल?" आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिले. पगार ठरलेला होता, टेबल ठरलेले होते, संगणकाची मागणीही गेलेली होती. ते एक नाव ठरलेले नव्हते. "कळवतो," असे अध्यक्ष म्हणाले. ते नाव ठरवायला आम्हाला आठवडा लागला. ज्यांच्या नावावर एकमत झाले त्यांनी आपली दोन कामे दुसऱ्याकडे दिल्याशिवाय होकार दिला नाही, आणि मगच त्या मुलीला रुजू होण्याचे पत्र गेले.